एकटीने जिंकलेली सांघिक ढाल : एव्हन्स्टन, १६ जुलै १९३२

फक्कीची_रेघ

मंडळी, एक प्रश्न आहे, पण त्याआधी गोष्ट सांगावी लागेल.

१९३२ साली अमेरिकेच्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनने, म्हणजे तिथल्या हौशी खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, महिलांची राष्ट्रीय मैदानी स्पर्धा शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टन गावात भरवली. मैदान नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं, डाइक स्टेडियम. तारीख १६ जुलै. दोन आठवड्यांनी लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक सुरू व्हायचं होतं, म्हणून हीच निवड चाचणीही होती. इलिनॉय विमेन्स ॲथलेटिक क्लबच्या २२ मुली उतरल्या होत्या. टेक्ससमधल्या डॅलसच्या एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टी या विमा कंपनीचाही संघ होता. त्या संघात मुलगी एकच. मिल्ड्रेड डिड्रिक्सन, वय २१. सगळे तिला बेब म्हणायचे.

दहा प्रकारांपैकी आठांत ती उतरली. गोळाफेक, भालाफेक, बेसबॉल फेक, लांब उडी आणि ८० मीटर अडथळे, पाचही ठिकाणी पहिली. उंच उडीत जीन शायलीबरोबर बरोबरीने पहिली. थाळीफेकीत चौथी. १०० मीटरमध्ये मात्र गुण मिळाला नाही. हे सगळं साधारण तीन तासांत. तिचे गुण ३०, २२ जणींच्या क्लबचे २२. सांघिक अजिंक्यपद एकटीने नेलं.

आता प्रश्न. सांघिक विजेतेपद एकाच खेळाडूला मिळावं का? विचारतोय त्याला कारण आहे. ते नंतर सांगतो, आत्ता सांगितलं तर तुमची उत्तरं तिकडेच झुकतील.

घाटावरची_शमा

गुण जास्त तर ढाल तिची. यात प्रश्न कुठे आला?

अण्णा_मास्तर

३० चा हिशोब मांडून पाहिला. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला १ अशी मोजणी धरा. पाच पहिले क्रमांक म्हणजे २५. उंच उडीत बरोबरी, म्हणून पहिल्या-दुसऱ्याचे ५ आणि ३ मिळून ८, त्याचे निम्मे ४. थाळीफेकीत चौथी, १. एकूण ३०. चोख जमतं.

गुणतक्ता लिहायला तीस वर्षं बसलोय, म्हणून असा हिशोब जुळला की बरं वाटतं.

ढोलकीवाला_बंड्या

मास्तर, तुमच्या तक्त्यापेक्षा मला त्या पुकारणाऱ्याची काळजी वाटते. आमच्या शाळेच्या स्पर्धेत एक मुलगी दोन प्रकारांत असली तरी भोंग्यावर "गोळाफेकीची मुलगी कुठे आहे? ताबडतोब खड्ड्यापाशी यावे" हे दहा वेळा व्हायचं, आणि ती असायची उंच उडीच्या रांगेत. इथे आठ प्रकार! त्या माणसाचा घसाच बसला असेल.

फक्कीची_रेघ

बंड्या, खरोखर तसंच झालं होतं. तिच्यासाठी पंच थांबायचे, ती एका ठिकाणाहून दुसरीकडे धावत जायची, दम खायला जेमतेम दोन-चार मिनिटं. आदल्या रात्री पोटात गोळा येऊन झोप लागली नव्हती, सकाळी उठायला उशीर झाला आणि मैदानावर जाताना टॅक्सीतच कपडे बदलले, असं ती पुढे स्वतः सांगायची. आणि अशा दिवशी गोळा ३९ फूट ६ इंचांच्या पुढे, भाला १३९ फूट ३ इंच, बेसबॉल २७२ फूट २ इंच! बेसबॉलचा आकडा वाचून मी आमच्या मैदानावर फीत लावून अंतर मोजलं. शाळेच्या व्हरांड्यापासून निघालो ते थेट रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली पोचलो.

शिकागोत_सांगलीकर

हे मैदान माझ्या रोजच्या वाटेवर होतं. १९९७ पासून त्याचं नाव रायन फील्ड झालं आणि २०२४ मध्ये जुनं बांधकाम पाडलं. सेंट्रल स्ट्रीट स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं. इतकी वर्षं तिथून ये-जा केली, पण आपण कुठल्या मातीशेजारून जातोय याचा पत्ता नव्हता. धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद.

एक सांगतो, इथला जुलै म्हणजे तलावाकाठचा घामट उकाडा. त्यात तीन तास. ज्यांनी आपल्याकडे एप्रिलमध्ये पोलीस भरतीची मैदानी चाचणी दिली आहे, त्यांना कल्पना येईल.

नियमावली

मी विरोधी मत मांडतो. सांघिक विजेतेपद हे खोलीचं मोजमाप असतं, म्हणजे संघात किती जणी तयार झाल्यात याचं. पहिल्याला ५ आणि चौथ्याला १ देऊन तिथेच मोजणी थांबवली की पाचवी, सहावी आलेली मुलगी हिशोबातच राहत नाही. सहा क्रमांकांना गुण देणारी पद्धत असती तर २२ जणींचा क्लब बहुधा पुढे गेला असता. शिवाय रिले पाहा. मैदानी स्पर्धेत खऱ्या अर्थाने सांघिक असा तो एकच प्रकार, आणि एकट्या माणसाला तो धावताच येत नाही. ज्या संघाला रिलेत उभंच राहता येत नाही, तो राष्ट्रीय विजेता संघ कसा?

बेबच्या थोरवीबद्दल माझा काहीच वाद नाही. तिला सर्वोत्कृष्ट खेळाडूचा सर्वात मोठा चषक द्या. संघाची ढाल संघाला द्या.

घाटावरची_शमा

@नियमावली, रिलेचा मुद्दा पटला. पण कंपनीने एकटीलाच पाठवलं यात तिची काय चूक? नियमात किमान संख्या नव्हती. ती नियमाप्रमाणे खेळली.

चढाई

मी वेगळ्या अंगाने लिहिते, कारण 'विमा कंपनीचा संघ' हे शब्द वाचून पुढे सरकताच येईना.

बेब त्या कंपनीत टंकलेखन-लघुलेखनाच्या कामावर होती, महिना ७५ डॉलर. प्रत्यक्षात तिला घेतलं होतं कंपनीच्या बास्केटबॉल संघासाठी, गोल्डन सायक्लोन्ससाठी. १९३१ मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मैदानी खेळांकडे तिला तिथल्याच मॅकॉम्ब्स या साहेबांनी वळवलं आणि एव्हन्स्टनला एकटीला पाठवायचं त्यांनीच ठरवलं.

मी १९८४ साली मुंबईत एका कंपनीत कबड्डीवर लागले. कंपनीचं नाव नको. सकाळी हजेरीपत्रकावर सही, दुपारी तीनला सूट, साडेतीनला मैदान. घरात पहिला पगार माझा आला, भावाचा नाही. वडिलांनी तो देवापुढे ठेवला होता. आम्ही कागदावर हौशी खेळाडू होतो, पण त्या पगारावर घरातल्या पाच जणांचं पोट होतं. सहाव्या वर्षी पकडीत गुडघा गेला. शस्त्रक्रियेनंतर परत रुजू झाले तर माझं टेबल तळमजल्यावरच्या जुन्या फायलींच्या खोलीत हलवलेलं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त दुपारी तीनला सूट मिळणं बंद झालं, आणि तीनला मी घड्याळाकडे बघत बसायचे.

म्हणून मला तिच्या ३० गुणांइतकेच ते ७५ डॉलरही महत्त्वाचे वाटतात. आई-वडील नॉर्वेहून आलेले, घरात मुलं बरीच, गाव बोमाँट. मंदीची वर्षं. ती घरी पैसे पाठवायची. अशा मुलीला खेळायचं असेल तर कंपनीचा संघ सोडून दुसरा रस्ता होता कुठे?

रानजाई

@चढाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तीन वाजताच्या घड्याळाबद्दल काय लिहावं, सुचत नाही.

अक्षरगंध

शब्दावरून थोडं अवांतर. 'ॲमॅच्युअर'च्या मुळाशी लॅटिनमधला प्रेम करणारा आहे. आपण त्याला 'हौशी' म्हणतो आणि तो शब्द नाटकवाल्यांनीही उचलला, हौशी नाट्यस्पर्धा. शब्द गोड आहे, पण हौस भागवायला गाठीला काहीतरी लागतं. 'हौसेला मोल नाही' हे आपण खर्च करताना म्हणतो. या संघटनेने ते अक्षरशः घेतलं, की मोल घ्यायचंच नाही! ज्याच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे त्याला हा नियम कधी टोचलाच नसेल. विमा कंपनीत टंकलेखन करणारीला तो रोज टोचणार.

नियमावली

आणि तो टोचलाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉज मोटारीच्या जाहिरातीत बेबचं नाव आणि छायाचित्र आलं म्हणून याच संघटनेने तिला निलंबित केलं. पुढे निलंबन मागे घेतलं, पण तोवर तिने व्यावसायिक व्हायचं ठरवलं होतं. म्हणजे जुलैत राष्ट्रीय अजिंक्यपद, ऑगस्टमध्ये ऑलिंपिक पदकं आणि वर्ष संपता संपता हौशी मैदानी खेळातून कायमची बाहेर. २१ व्या वर्षी!

त्याच १९३२ मध्ये फिनलंडचा लांब पल्ल्याचा धावपटू पावो नुर्मी, त्याला व्यावसायिक ठरवून लॉस एंजेलिसला धावू दिलं नाही. त्याआधी अमेरिकेचा मैदानी खेळाडू जिम थॉर्प. १९१२ ची त्याची दोन सुवर्णपदकं पुढच्या वर्षी काढून घेतली, कारण कधीतरी थोडक्या पैशांत तो बेसबॉल खेळला होता. त्याच्या घरच्यांना पदकं मिळाली १९८३ मध्ये, तो वारल्यावर तीस वर्षांनी. मी या धाग्यावर नियमांच्या बाजूने बोलतोय, पण या नियमाच्या बाजूने मला एक शब्दही बोलता येणार नाही.

कोल्हापुरी_मिसळ

आमच्याकडं पैलवानाला इनाम घेऊ नको म्हणून सांगा बरं! मैदान मारलं की फेटा आणि रोख रक्कम, ही शाहू महाराजांपासूनची रीत. इनामाशिवाय खुराक कुठनं यायचा? बदाम, तूप, थंडाई झाडाला लागत नाहीत.

खाशाबा जाधवांचंच घ्या. गोळेश्वरचा गडी, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. तेव्हा ते कांस्यपदक आलं. खेळाडू हौशी असला की घर दुसऱ्याला गहाण टाकावं लागतं.

आणि बेबबाईंनी १९३८ मध्ये लग्न केलं ते एका कुस्तीगिराशी, जॉर्ज झहारियस नावाच्या. निवड चांगली होती, एवढंच आमच्या गावातर्फे नोंदवतो.

ढोलकीवाला_बंड्या

मिसळ, वहिनींना आमच्याकडून साडीचोळी.

रानजाई

त्या दिवशीच्या आणखी काही मुली डोळ्यांपुढे आणा, नाहीतर एव्हन्स्टन म्हणजे फक्त बेब असं होईल.

टायडी पिकेट शिकागोचीच, लुईझ स्टोक्स मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डनची. ऑलिंपिकच्या अमेरिकन चमूत निवडल्या गेलेल्या या पहिल्या दोन कृष्णवर्णीय महिला. लॉस एंजेलिसला जाताना डेन्व्हरच्या हॉटेलात त्यांना बाकीच्या मुलींपासून वेगळं, वर माळ्याजवळच्या खोलीत ठेवलं आणि मेजवानीला बोलावलं नाही. आगगाडीत त्या झोपलेल्या असताना बेबने त्यांच्यावर बर्फाचं पाणी ओतल्याची हकिकत पिकेटने पुढे सांगितली आहे. ४ बाय १०० रिलेच्या चमूत दोघी होत्या, तरी शर्यतीत दोघींना उतरवलं नाही. त्यांच्या जागी गोऱ्या मुली धावल्या. पिकेट १९३६ ला बर्लिनमध्ये ८० मीटर अडथळ्यांत धावली आणि ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष उतरलेली पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला ठरली.

बेब मोठी खेळाडू होती. ते पाणीही तिनेच ओतलं. माझ्यापुरत्या मी दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहून ठेवते.

घाटावरची_शमा

हे माहीत नव्हतं. वाचून गप्प बसले.

शिकागोत_सांगलीकर

@रानजाई, आणि जी त्या दिवशी धावू शकली नाही तिचंही सांगतो. बेटी रॉबिन्सन, शिकागोच्या दक्षिणेला असलेल्या रिव्हरडेलची. गाडी पकडायला धावताना शाळेच्या शिक्षकाने पाहिलं आणि मैदानावर आणलं. १९२८ च्या ॲम्स्टरडॅमला, महिलांच्या मैदानी खेळांना ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली तेव्हा, १६ वर्षांची ही पोरगी १०० मीटर जिंकली. ती याच इलिनॉय क्लबची. १९३१ मध्ये तिचं विमान कोसळलं. पाय मोडला, पुन्हा चालायला शिकायला फार काळ गेला आणि १९३२ हुकलं. पुढे गुडघा पूर्ण वाकेना, म्हणजे खाली बसून सुरुवात करता येईना. तिने रिले निवडली, जिथे उभ्यानेच काठी घ्यायची असते. १९३६ ला बर्लिनमध्ये त्या रिलेचं सुवर्ण!

म्हणजे @नियमावली, तुमच्या २२ जणींच्या क्लबची सगळ्यात वेगवान मुलगी त्या दिवशी मैदानात नव्हती. ती असती तर ३० विरुद्ध २२ हे अंतर किती राहिलं असतं, हा विचार मला झोपू देत नाही.

अण्णा_मास्तर

१०० मीटर आणि रिले दोन्ही धरले तरी जास्तीत जास्त दहा गुण. त्यातले काही क्लबकडे आधीच असणार. फार चुरशीचं झालं असतं, एवढंच म्हणतो.

पंच म्हणून एक गोष्ट मला जास्त छळते. लॉस एंजेलिसला बेबला तीनच प्रकारांत उतरता आलं. गोळाफेक आणि लांब उडी महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती आली १९४८ ला. भाल्यात सुवर्ण, ४३.६९ मीटर. अडथळ्यांत सुवर्ण, ११.७ सेकंद. तिथे दुसरी आलेली इव्हलिन हॉल इतकी खेटून होती की वेळ दोघींची सारखीच लागली. आणि उंच उडीत पुन्हा तीच जीन शायली, पुन्हा सारखीच उंची. या वेळी पंचांनी ठरवलं की बेबचं डोकं पायांच्या आधी दांडीपलीकडे जातं, म्हणजे ती सूर मारते. म्हणून रौप्य. अहो, ती दिवसभर त्याच पद्धतीने उड्या मारत होती! हरकत घ्यायची तर पहिल्या उडीला घ्यायची. शेवटच्या उडीला शिट्टी वाजवणारा पंच मला कधीच पटला नाही. तो नियमही पुढे रद्द झाला.

रानजाई

तिच्या गोल्फबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. १९५० मध्ये महिलांची व्यावसायिक गोल्फ संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ती होती. १९५३ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या काळात हा आजार कुजबुजत सांगायचे, ती जाहीरपणे बोलली. पुढच्याच वर्षी अमेरिकेची खुली स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९५६ मध्ये गेली, ४५ वर्षांची.

माझ्या मावशीची हीच शस्त्रक्रिया झाली आहे. पोटाला पिशवी लावून चार जणांत जायला ती वर्षभर तयार नव्हती. तिला मी ही १२ फटक्यांची गोष्ट सांगितली. गोल्फ म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागलं. मग म्हणाली, "इतकं चालायची का ती?" दुसऱ्या दिवशी आम्ही देवळापर्यंत जाऊन आलो.

ढोलकीवाला_बंड्या

मावशींना नमस्कार सांगा.

@फक्कीची_रेघ, आता कारण सांगा. सगळा धागा फिरून झाला.

फक्कीची_रेघ

सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गेल्या आठवड्यात आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा झाल्या. गुणतक्ता माझ्याकडे होता. एका वस्तीशाळेतून दोनच मुली आल्या, दोघी सातवीतल्या, एक त्यांच्या गुरुजींच्या मोटरसायकलवर आणि दुसरी दुधाच्या गाडीतून. आमच्याकडे एकीला दोनच वैयक्तिक प्रकार. दोघींनी मिळून १०० मीटर, लांब उडी, उंच उडी आणि गोळाफेक, चारही घेतले. २० गुण. मोठ्या शाळेच्या ३४ मुली होत्या, त्यांचे १७.

सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल द्यायची वेळ आली आणि आमच्यातल्याच काहींनी @नियमावली यांचाच मुद्दा काढला. रिलेत उभा राहू न शकणारा संघ विजेता कसा? मुद्दा वाईट हेतूने काढला नव्हता. मी तक्ता हातात धरून उभा होतो आणि मला एव्हन्स्टन आठवलं. ती गोष्ट मी त्यांना सांगितली. निर्णय दोन दिवस पुढे ढकलला गेला, आणि त्या दोन दिवसांत मी हा धागा काढला.

नियमावली

आधी सांगितलं असतं तर मी असंच लिहिलं असतं का, याचा विचार करतोय. माझं मत तेच आहे, की सांघिक गुणांची पद्धत बदलायला हवी. पण ती पुढच्या वर्षीपासून, स्पर्धेआधी लिहून. अण्णा मास्तरांनी उंच उडीबद्दल जे लिहिलं तेच इथे लागू आहे. शेवटच्या उडीला शिट्टी वाजवायची नाही. तक्ता तुमच्याकडे होता, त्यात २० आणि १७ लिहिलंय. ढाल त्या दोघींची.

चढाई

+१. आणि त्या मुलींचे आठवीचे वर्ग कुठे आहेत, कसं जाणार, ते बघा. ढालीइतकंच ते बघा.

अण्णा_मास्तर

निकाल कळवा. वाट बघतोय.

फक्कीची_रेघ

आज निर्णय झाला. ढाल वस्तीशाळेला. पुढच्या वर्षीपासून सहा क्रमांकांना गुण आणि सांघिक विजेतेपदासाठी किमान चार खेळाडू, असा ठराव झाला. ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला.

@चढाई, आठवीचा वर्ग साडेसहा किलोमीटरवर आहे. एकीला सायकल मिळाली आहे. दुसरीचं बघतोय.

ढाल लाकडी आहे, वर पितळी पत्रा, उंची मुलींच्या छातीपर्यंत. मोटरसायकलवर नेणं जमेना. शेवटी दुधाच्या गाडीतच कॅनच्या मधे उभी केली आणि दोघी दोन बाजूंनी धरून बसल्या.